टीव्हीवालीची तीन मिनिटं

मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपुरात, बुधवारा पेठेतल्या त्या मराठी गल्लीत रंजिताला सगळे टीव्हीवाली म्हणतात, आणि म्हणताना थोडं खवचट हसतात. "टीव्हीवाली आली का गं शाळेतून?" "टीव्हीवालीकडून जरा विरजण आण." बाईचं वय शेहेचाळीस, गुडघा कुरकुरतो. हिंदी माध्यमाच्या एका खाजगी शाळेत ती पाचवी-सहावीला सामाजिक विज्ञान शिकवते आणि दर वर्षी वार्षिकोत्सवाचे नाच बसवते. टीव्हीवर ती आयुष्यात एकदाच आली, एकतीस वर्षांपूर्वी, तीन मिनिटांसाठी. आणि गल्लीतल्या एकाही माणसानं तिला पाहिलं नाही.

का पाहिलं नाही, याची गल्लीला मान्य असलेली हकीकत अशी. त्या काळी गच्चीगच्चीवर अ‍ॅल्युमिनियमच्या काड्यांचे अँटेना उभे असायचे. बाकी बऱ्हाणपुरात त्यांची तोंडं भोपाळकडं. या गल्लीची मात्र महाराष्ट्राकडं, कारण बूस्टर लावला की भुसावळच्या बाजूनं मुंबई केंद्र धरायचं आणि मराठी नाटकं दिसायची. चित्रात मुंग्या यायच्या, पण मुंग्या असल्या तरी मराठी मुंग्या होत्या ना. तर रंजिताचा नाच भोपाळला झाला, तो मुंबईवरून दाखवायचं ठरलं, गल्ली नटूनथटून बसली, आणि ऐन वेळी भोपाळवाल्यांनी शब्द फिरवून तो आपल्याच केंद्रावर दाखवून टाकला. मराठी पोरगी मुंबईवर चमकलेली त्यांना खपली नाही.

ही हकीकत लीलाधरकाका सांगतात. काका पूर्वी एका सरकारी कचेरीत होते, आता निवृत्त आहेत आणि पूर्णवेळ नाराज आहेत. भोपाळनं मराठी माणसावर केलेल्या अन्यायांची त्यांच्याकडं यादी आहे, आणि तिच्यात रंजिताच्या नाचाचा नंबर फार वरचा. गणपतीत भाषणाला उभे राहिले की तिसऱ्या मिनिटाला ते त्या नाचावर येतात. पोरंसोरं आधीपासून मिनिटं मोजतात.

खरी हकीकत एकट्या रंजिताला ठाऊक आहे. भोपाळनं काहीसुद्धा केलेलं नव्हतं. जे केलं ते तिनंच केलं.

तेव्हा ती पंधरा वर्षांची, नववीत होती. शाळेतल्या आठ मुलींचा निमाडी गणगौरचा नाच भोपाळ केंद्राच्या तरुणांच्या कार्यक्रमासाठी निवडला गेला. सातजणी इतवारा-लालबागकडच्या, हिंदी-गुजराती घरांतल्या; मराठी ही एकटीच. दोन महिने तालीम झाली. नाचाच्या मॅडम हिंदीच बोलायच्या. "दायें" म्हटलं की उजवीकडं आणि "बायें" म्हटलं की डावीकडं, यात अवघड काय असणार? बालवाडीपासून हिंदी शाळेत काढलेली पोरगी. झोपेतसुद्धा चुकली नसती.

पण स्टुडिओ म्हणजे झोप नव्हे. वरून दिव्यांचा भडका, खालून थंडगार फरशी, मागं माणसाएवढा थर्माकोलचा मोर, आणि समोर तीन काळे कॅमेरे. मॅडम कॅमेऱ्याच्या बाजूला उभ्या राहून दबक्या आवाजात सूचना देत होत्या. नाच निम्म्यावर आला आणि त्या म्हणाल्या, "दायें." घाबरलेलं माणूस घरच्या भाषेत ऐकतं. रंजिताच्या कानानं ऐकलं, "डावे." सात घागरे उजवीकडं गेले आणि आठवा डावीकडं. पुरत्या आठ मात्रा ती शेजारच्या मुलीच्या तोंडासमोर तोंड करून उभी होती. मग सावरली आणि पुढचा नाच नीट केला. पलीकडून कुणीतरी म्हणालं, "हो गया, अगला ग्रुप भेजो." दुसऱ्यांदा घ्यायचा प्रश्नच आला नाही. परतीच्या गाडीत एका मुलीनं सहज विचारलं, "तू उल्टी क्यों घूम गई रे?" तेवढंच. रंजिता खंडवा येईपर्यंत खिडकीकडं तोंड करून रडली.

इकडं तिच्या आईनं, निर्मलाबाईनं, गल्लीत दवंडी पिटलेली. निर्मलाबाई म्हणजे तोंडानं फटकळ आणि हातानं त्याहून. ज्या दोन घरांशी तिचं पाच वर्षं बोलणं नव्हतं, त्यांनाही ती टीव्ही पाहायला या म्हणून सांगून आली. लोकांनी जाताना पोरीच्या गालावरून हात फिरवावा, एवढी एकच तिची हौस होती. त्या संध्याकाळी तिच्या खोलीत तीसेक माणसं दाटीवाटीनं बसली. गच्चीवर तरुण लीलाधरकाका अँटेनाचा खांब धरून उभे. खाली ओरडून विचारत होते, "रंजू, फिरवू का भोपाळकडं?"

रंजितानं खोलीकडं पाहिलं. आईनं खळ केलेलं पातळ नेसलं होतं आणि ती सगळ्यात पुढं, टीव्हीपासून दोन हातांवर बसली होती. आता ही सगळी माणसं पाहणार, सात एका बाजूला आणि आपली पोरगी दुसऱ्या. मग जन्मभर चिडवणार. आई मान खाली घालणार.

"नका फिरवू, काका," ती म्हणाली. "मुंबईवरूनच दाखवणार आहेत. मराठी मुलगी आहे म्हणून त्यांनी तिकडं पाठवलाय."

हे तिला सुचलं कुठून, देव जाणे. इतकं साजरं खोटं ती पुढं आयुष्यात कधी बोलू शकली नाही. गल्लीला एवढा आनंद झाला की खरं-खोटं विचारायचं भान कुणाला राहिलं नाही. मुंबईवर, म्हणजे काय गंमत आहे? काका खांब सोडून खाली आले आणि चपला न काढताच बसले.

साडेसहा वाजता मुंबईवर कपाशीवरच्या माव्याचा कार्यक्रम लागला. तीस माणसांनी तो शेवटपर्यंत पाहिला. औषध कोणतं मारायचं, पंप कसा धरायचा, सगळं. निर्मलाबाईनं तर पापणी हलवली नाही. न जाणो, मधेच लावतील. संपल्यावर ती उठली, पातळाच्या चुण्या झटकल्या आणि म्हणाली, "पुढच्या हप्त्यात दाखवतील." पुढचे चार हप्ते ती त्याच वेळी त्याच जागी बसत राहिली. मग बसायची थांबली, पण पोरीला एका शब्दानं विचारलं नाही. अकरा वर्षांपूर्वी ती गेली. शेवटपर्यंत तिनं तो नाच पाहिला नाही.

उरलेल्या बऱ्हाणपुरानं मात्र पाहिला. लालबागेत कापड घ्यायला गेलं की दुकानदार म्हणायचा, "आप टीवी पर आई थीं ना? बहुत बढ़िया." रंजिता त्याच्या चेहऱ्याकडं निरखून बघायची, हसू लपवतोय का. शहाणी माणसं आहेत, ती मनाशी म्हणायची. उलटं वळलेलं पाहिलंय, पण तोंडावर बोलत नाहीत. शाळेतली नोकरीसुद्धा अशीच लागली. मुख्याध्यापिकाबाईंनी अर्ज वाचलाच नाही, नाव पाहून म्हणाल्या, "वो गणगौर वाली?" रंजिताला वाटलं, दया आली बाईंना. म्हणजे परक्या गल्ल्यांमध्ये मान होता, तो तिला भीक वाटायचा. आणि आपल्या गल्लीत चेष्टा होती, ती तिला बरी वाटायची. चेष्टा करणाऱ्यांनी निदान पाहिलं तरी नव्हतं.

असं सगळं सुखानं चाललं होतं, आणि यंदा तो सिनेमा आला.

नव्वदच्या जमान्यातल्या चार शाळकरी मुली टीव्हीवरच्या नाचाच्या कार्यक्रमात जातात, एवढीच त्याची गोष्ट. रंजिताची मुलगी प्राजक्ता, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, तिनं तो एकदा थिएटरात आणि दोनदा फोनवर पाहिला. तिन्ही वेळा रडली. "मम्मी, कसला प्युअर जमाना होता यार तुमचा," ती नाक पुसत म्हणायची. "सगळे एकत्र बसून टीव्ही बघायचे. आता बघ, जो तो आपल्या फोनमध्ये." हे ती फोनमध्ये बघत म्हणायची.

एका रविवारी तिनं रंजिताला धरून बसवलं आणि दाखवला. त्यातल्या मुलींचे घागरे गाडीच्या डब्यात बसूनही चुरगळत नव्हते. कुणालाही घाम येत नव्हता. आणि शेवटी नायिका भर कार्यक्रमात उलट्या बाजूला वळते. आता फजिती होणार, तर बाकीच्या तिघी तिच्या मागोमाग उलट्या वळतात, चूक हीच नवी स्टेप होते, आणि सगळं गाव टीव्हीसमोर उभं राहून टाळ्या वाजवतं. प्राजक्ता रडत होती. रंजिताही रडली. प्राजक्ताला वाटलं, मम्मीला जुने दिवस आठवले. आठवले होतेच. उलटं वळल्यावर मागोमाग वळणाऱ्या तिघीजणी आपल्याला का मिळाल्या नाहीत, याचा तिला मनापासून राग आला होता.

मग सिनेमावाल्यांनी एक टूम काढली. तुमच्या आईचा, मावशीचा त्या काळातला टीव्हीवरचा नाच असेल तर पाठवा, निवडक आम्ही आमच्या पानावर टाकू. प्राजक्ता तडक पेटून उठली. "मम्मी, तुझा डान्स शोधायचाच. भोपाळवाल्यांनी दाबला ना? आता बघ तू."

"कुठला मिळतोय गं तो आता," रंजिता म्हणाली.

"तारीख सांग फक्त."

"आठवत नाही."

तारीख तिला वारासकट आठवत होती. पण प्राजक्ता ऐकणाऱ्यातली नव्हती. या बाबतीत थेट आजीवर गेलेली. तिनं स्टेटस ठेवलं, आणि तिसऱ्या दिवशी तिच्या वर्गातल्या मोनालीचा निरोप आला. मोनाली निंबोल्याची, केळीवाल्या मधुकररावांचं शेंडेफळ. तिनं लिहिलं होतं, "यार, आमच्या मम्मी-पप्पाच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये आठ मुलींचा कोई तो भी डान्स आहे. मागे मोर आहे मोठा."

झालं होतं असं. त्या काळी बऱ्हाणपुरात लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगला लोटू हे एकच नाव होतं. लोटूचं दुकान चौकात, आणि त्याचा अँटेना भोपाळकडं. टीव्हीवर चांगला नाच-गाणं लागलं की तो भरून ठेवायचा, कारण लग्नात कुठं ना कुठं त्याच्या कॅमेऱ्याची बॅटरी मरायचीच, आणि तेवढी जागा कशानं तरी भरावी लागायची. त्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मुहूर्तावर मधुकररावांचं लग्न लागलं आणि मांडवाकडं येणाऱ्या वरातीत बॅटरी मेली. लोटूनं हळद आणि सप्तपदीच्या मधे गणगौरचा नाच चिकटवला आणि वर लाल अक्षरांत लिहिलं, "वर पक्ष की खुशियाँ". एकतीस वर्षं ते घर दर आखाजीला कॅसेट पाहत आलं होतं. पुढं पेन ड्राइव्हमध्येही भरून घेतली. घरातल्या पोरांना त्या आठही मुली आपल्या नात्यातल्याच वाटायच्या. डावीकडून तिसरी म्हणजे चांदनी गावची आत्या, असं मोनालीच्या आजीनं कायमचं ठरवून टाकलं होतं. डावीकडून तिसरी रंजिता होती.

शुक्रवारी पेन ड्राइव्ह घरी आला. प्राजक्तानं तो देवघरात ठेवला आणि आपण एकटी पाहणार नाही, रविवारी दुपारी सगळ्या गल्लीसमोरच लावणार, असं जाहीर केलं. "सिनेमात कसं सगळं गाव बघतं, वैसाच." लीलाधरकाका स्वतः घरोघर सांगत फिरले.

शनिवारी घरात कुणी नसताना रंजितानं पेन ड्राइव्ह हातात घेतला. एवढंसं ते प्लॅस्टिक. मोरीतल्या बादलीत टाकलं असतं तर काम झालं असतं. नाचातली चूक आता दिसली तर कोण कशाला मनावर घेतंय, हे तिलाही कळत होतं. पण चूक दिसली की कुणीतरी हिशेब लावणार. उलटी वळली होती, म्हणून अँटेना फिरवू दिला नाही. म्हणून निर्मलाबाई त्या संध्याकाळी सगळ्यांसमोर मावा पाहत बसली. लोकांचं सोडा, प्राजक्ता काय म्हणेल? आजीचा फोटो फोनच्या पडद्यावर ठेवणारी पोरगी. रंजिता बादलीपर्यंत गेली, उभी राहिली, आणि परत येऊन तो होता तिथं ठेवला. लेकीनं त्याला हळदकुंकू वाहिलं होतं, ते तिच्या बोटाला लागलं.

रविवारी चार वाजता घरात पाय ठेवायला जागा नव्हती. लीलाधरकाका खुर्चीवर, त्यांच्या शेजारी शेजारची मनकर्णाकाकू, बाकी सगळे खाली. निंबोल्याहून मोनाली आली होती, येताना केळ्यांची फणी घेऊन. रंजिता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, म्हणजे पळायला बरं.

हळद झाली. लाल अक्षरं आली. मग मोर आला, आणि मोरापुढं आठ घागरे.

"ती बघ, ती बघ, तिसरी," मनकर्णाकाकू म्हणाली. "थेट निर्मलेचं नाक."

रंजितानं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. ओळ पुढं आली, मागं गेली, टिपऱ्यांसारखे हात हलले. मग तो ठेका आला. एकतीस वर्षं जो तिच्या कानात होता तोच. आता. मॅडमचा "दायें" आता.

आणि पडद्यावर मोर आला.

नुसता मोर. कॅमेरा मुलींना सोडून मागच्या थर्माकोलच्या मोरावर गेला होता आणि त्याच्या पिसाऱ्यावरून संथपणे फिरत होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पुरत्या आठ मात्रा. मग परत मुली दिसल्या, आठही एका ओळीत, आठही हसऱ्या. नाच संपला. सप्तपदी सुरू झाली.

टाळ्या कडाडल्या. कुणी शिट्टी मारली. प्राजक्ता धावत येऊन गळ्यात पडली. "मम्मी, तू किती भारी होतीस यार." बायकांनी येऊन तिच्या गालावरून हात फिरवले, बोटं मोडली. एकतीस वर्षांत जे झालं नव्हतं ते एका मिनिटात झालं, आणि रंजिता दारातच उभी. काहीच दिसलं नव्हतं. त्या संध्याकाळी अँटेना फिरवला असता तर आईनं हेच पाहिलं असतं. हेच हात फिरले असते, आईच्या देखत. लालबागेतला दुकानदार खरंच बोलत होता. सगळे खरंच बोलत होते. खोटं बोललेली एकटी तीच, आणि तेही फुकट.

तिच्या पोटातून हुंदका आला आणि त्याच्याबरोबर शब्दही. "मी खोटं बोलले होते," ती म्हणाली.

प्राजक्तानं तिच्या गळ्यातला हात काढून तिच्याकडं पाहिलं.

"मुंबईवर दाखवणार नव्हतेच. भोपाळलाच लागणार होता, मला ठाऊक होतं. मीच काकांना अँटेना फिरवू दिला नाही. भोपाळवाल्यांची काही चूक नाही."

लीलाधरकाका खुर्चीतून उठले. त्यांचे डोळे भरून आले होते. "बघा," ते सगळ्यांना म्हणाले, "ह्याला म्हणतात मोठं मन. एवढा अन्याय झाला, तरी पोरगी त्यांचं पाप आपल्या डोक्यावर घेऊ राहिली."

"तसं नाही हो काका. मी नाचात चुकले होते. सगळ्या उजवीकडं वळल्या आणि मी डावीकडं. ते तुम्हाला दिसू नये म्हणून सांगितलं मी."

"कुठं चुकली?" मनकर्णाकाकू म्हणाली. "आमी आताच पाह्यलं ना. लाव रे कोणी परत."

प्राजक्तानं परत लावला. आठ घागरे, मोर, आठ घागरे. कुणीही डावीकडं वळलं नाही. आणखी एकदा लावला. रंजिता पडद्याजवळ जाऊन मोरावर बोट ठेवून सांगू लागली, "इथं, इथं मी उलटी वळले, ह्या मोराच्या खाली," तेव्हा गल्लीत पहिल्यांदा हशा पिकला, आणि तो चिडवणारा नव्हता. मायेचा होता. कुणीतरी पाणी आणलं. मोनाली म्हणाली की त्यांच्या घरी वर्षातून एकदा बघतात, आत्या कधीच चुकत नाही.

"मम्मी कित्ती क्यूट आहे," प्राजक्ता म्हणाली, आणि तिथंच बसून तिनं तो नाच सिनेमावाल्यांना पाठवला. खाली लिहिलं, भोपाळनं दाबलं, बऱ्हाणपूरनं शोधलं. काकांनी तिच्याकडून ते वाक्य दोनदा वाचून घेतलं. गणपतीला कामी येणार होतं.

माणसं पांगली. रंजिता फणीतलं एक केळं सोलून भिंतीला टेकून बसली, आणि खाता खाता तिला रडू आवरेना. आता हे कुणाला सांगायचं? जिवंत माणसांपैकी कुणी मानणार नव्हतं. आईनं मानलं असतं. एका शब्दात मानलं असतं, उठून आधी एक थोबाडीत ठेवून दिली असती, आणि मग टीव्हीपासून दोन हातांवर बसून म्हणाली असती, "लाव परत. पहिल्यापासून."